खरमासातलं शीड

खरमासात लश्करमध्ये लग्नं होत नाहीत,
म्हणून आमच्या कनाती घरी येतात
आजारी माणसांसारख्या.
एकीला रश्श्याचे डाग, एक मशालीने जळलेली,
एकीला नवरदेवाच्या घोडीने लाथ घातलेली.
शटर अर्धं खाली, अंगीठी पायाशी,
आणि बाहेर असं धुकं
की समोरचा गजकवाला आहे
हे फक्त कुटण्याच्या आवाजावरून कळतं.

रात्री नऊला फोन येतो.
ऋजुताचे तेव्हा सकाळचे साडेअकरा.
पडद्यावर आधी नुसता उजेड,
मग तिचं सोललेलं नाक,
मागे एक बेट, ताटातल्या लिंबाएवढं.
आई, किती स्वेटर घातलेस?
दोन. वर तुझ्या बाबांचा कोट.

एका डच म्हाताऱ्या जोडप्याच्या बोटीवर
ती स्वैपाक करते, दोर ओढते, रात्री पहारा देते.
वारा तिकडे रोज एकाच बाजूने येतो म्हणे,
सरकारी नोकरीला लागल्यासारखा.
आणि दोरीला ते लोक शीट म्हणतात.
मग चादरीला काय म्हणतात,
विचारायचं दर वेळी राहतं.

काल ती हसली नाही.
शीड फाटलंय, मोठं, मागच्या कडेला, हातभर.
कारागीर आहे, पण दोन दिवसांवरच्या बंदरात,
आणि तिथवर जायला शीडच हवं.
आई, तू कशी शिवतेस?

सव्वीस वर्षं बसतेय या दुकानात,
हे कोणी विचारलं नव्हतं.
तिने तर नाहीच. कॉलेजात सांगायची,
आईचं इव्हेंटचं काम आहे.

दाखव, म्हटलं. जवळ ने. अजून जवळ.
खार पूस आधी, गोड्या पाण्याने, आणि सुकू दे.
दोऱ्याला मेण लाव. मेण नाही? मेणबत्ती तर असेल.
ठिगळ चहूकडून चार बोटं मोठं,
कोपरे गोल काप, कोपऱ्यात वारा नख घालतो.
आणि टाके एका रेषेत नको गं बाई,
पोस्टाच्या तिकिटासारखं फाटेल.
नागमोडी घाल. एक इकडे, एक तिकडे,
वरात संपल्यावर बँडवाला चालतो तसे.

लल्लन उस्तादांनी मशीन थांबवलं होतं.
बिटिया, कपड़ा तानना मत!
ते फोनवर वाकून ओरडले,
समुद्र बहिरा असल्यासारखे.

दीड तास. डच आजीने कापड धरलं होतं,
मी इथे घोडीच्या लाथेवर तोच टाका घालत होते,
तिला दिसावा म्हणून.
बोटं गारठून लाकडं झाली.
तिच्या कपाळावरून घाम ओघळला
आणि मी पदराने पडदा पुसला.
मग नेटवर्क गेलं.

सासरे सांगायचे, आपलं मूळ गाव खाडीकाठी.
सात पिढ्यांत कोणी बघायला गेलं नाही.
आम्ही वारा अडवायला शिवत आलो,
पंगतीतल्या पत्रावळी उडू नयेत,
होमातली ठिणगी मांडवाला लागू नये.
तोच टाका तिकडे वारा धरणार होता.
हे मला रात्री रजाईत सुचलं
आणि झोप लागेना.

सकाळी कनात गच्चीवर वाळत टाकली.
वाळणार कसली. पान हलत नव्हतं,
किल्ला तर होता की नव्हता कोण जाणे.
दुपार झाली, फोन नाही.
उस्ताद दोनदा विचारून गेले,
तिसऱ्यांदा नुसतेच दारात उभे राहिले.

संक्रांतीची म्हणून पाव किलो गजक बांधून घेतलीय.
कुरिअरवाला पत्ता मागतो.
बेटाचं नाव तर दर दोन दिवसांनी बदलतं.